लिफ्ट चालू आहे का?

त्यांना सगळे लिफ्टकाका म्हणायचे, पण लिफ्टमधलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी शहरातली बस चालवली होती. स्टॉपकडे धावत येणारा माणूस आरशात दिसला की ते थांबायचे. आतले प्रवासी कुरकुरले की मान न वळवता म्हणायचे, "परवा तुम्हीही असेच धावत आला होतात. विसरलात एवढ्यात?"

मग मणक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण कमरेखालचं अंग काही पुन्हा ऐकेना. व्हीलचेअर आली. परिवहन खात्याने माणुसकी दाखवून त्यांना डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. ही खोली डेपोच्या मागच्या अंगाला होती. भिंतभर लोखंडी मांडण्या, त्यांवर छत्र्या, जेवणाचे डबे, एकेकटे हातमोजे, चष्मे, आणि एका काचेच्या बरणीत कुणाची तरी कवळी. कवळी विसरून माणूस बसमधून उतरतोच कसा, याचा काकांनी खूप विचार केला होता, पण उत्तर सापडलं नव्हतं.

काम बरं होतं. अडचण होती ती कामावर पोचायची. घर ते डेपो असा मेट्रोचा प्रवास. मेट्रो खांबांवरून जाणारी, म्हणजे चढायला एक लिफ्ट आणि उतरायला दुसरी. या दोन्ही लिफ्ट एकाच दिवशी चालू असणं हा नशिबाचा भाग होता. बहुतेक वेळा लिफ्टसमोर पिवळी पाटी उभी असायची. पाटीवर लिहिलेलं असायचं, दुरुस्तीचे काम चालू आहे. काम करणारं मात्र कुणी दिसायचं नाही.

मग भल्या मनाची माणसं जमायची. "धरा, धरा, काकांना धरा," असं म्हणत खुर्चीला चारी बाजूंनी हात लागायचे. काका "नको, थांबा" म्हणेपर्यंत ते अधांतरी असायचे. वर पोचल्यावर त्या माणसांना हसून धन्यवाद द्यावे लागायचे, आणि ते हसू काकांना दिवसभर पुरायचं नाही. डेपोत आल्यावर ते सापडलेल्या दोन छत्र्या जमा करायला आलेल्या कंडक्टरवर विनाकारण खेकसायचे.

लेक लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. तिला मुलगा झाला. बाळाला बघायला म्हणून काका आणि त्यांची बायको सुट्टीच्या दिवशी निघाले. बायको एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिने मोठा डबा भरून घेतला होता. लेकीच्या स्टेशनवर उतरले तर तिथली लिफ्ट बंद. तिथले जिने अरुंद आणि वळणाचे, खुर्ची उचलून न्यायची म्हटलं तरी जमण्यासारखं नव्हतं.

"तू जा," काका म्हणाले. "मी इथे बसतो."

"आले मोठे बसणारे," बायको म्हणाली आणि तिने लेकीला फोन लावला.

लेक बाळाला घेऊन फलाटावर आली. तिघांनी बाकाशेजारी बसून डबा खाल्ला. दर थोड्या वेळाने गाडी धडधडत यायची आणि बाळ दचकून किंचाळायचं. लेकीने फलाटाच्या कठड्यापाशी जाऊन बोट दाखवलं. "ते बघा बाबा, हिरवा पडदा दिसतो ना? ते आपलं घर."

काकांनी लेकीचं घर असं पाहिलं. पडदा छान होता. ते तसं म्हणालेही. परतीच्या गाडीत मात्र पडदा दिसेनासा होईपर्यंत ते खिडकीतून मागे बघत राहिले.

त्यानंतर काही दिवसांनी घराजवळच्या स्टेशनवर, अशाच एका बंद लिफ्टच्या तोंडाशी, त्यांना कुबड्या घेतलेल्या एक बाई भेटल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. निवृत्ती फक्त शाळेपुरती होती, आवाज अजून नोकरीतच होता. त्या पिवळ्या पाटीला झापत होत्या.

"आधी कळलं असतं तर घरातून निघालेच नसते," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोज कुठे जाता?"

काकांनी सांगितलं.

"मग असं करू. तुम्ही लवकर निघता. लिफ्ट चालू असली की मला एक फोन टाका. मी लायब्ररीजवळच्या स्टेशनचं तुम्हाला सांगेन. तिथे माझी भाची उतरते."

एवढ्यावरून सुरुवात झाली. हेडबाईंच्या ओळखीतून एक बाबागाडीवाली जुळ्यांची आई आली. तिच्या ओळखीतून ढकलगाडीवर खोकी घेऊन फिरणारा कुरिअरवाला आला. प्रत्येकाने आपापल्या स्टेशनवरची लिफ्ट बघायची आणि काकांना कळवायचं. काका सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि ज्याला जिकडे जायचं असेल त्याला उलटा फोन करायचे. सकाळी दाढी करता करता त्यांचा फोन वाजत असायचा. हॅलो वगैरे कुणी म्हणतच नसे. फोन उचलला की थेट प्रश्न, "लिफ्ट चालू आहे का?"

लिफ्टकाका हे नाव कुरिअरवाल्याने ठेवलं आणि ते चिकटलं. काकांना ते मनापासून आवडलं. गालाला साबण, कानाला फोन, आणि शहरभरच्या हालचाली आपल्या शब्दावर! बस चालवणं सुटल्यापासून असं त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं. बायको म्हणायची, "एखादे दिवशी तुम्ही ब्रशला हॅलो म्हणाल आणि फोनने दाढी कराल."

या साखळीत सर्वांत शेवटी आल्या त्या शिवणताई. हेडबाईंचे कपडे त्या शिवत. त्यांची खोली लेकीच्या स्टेशनासमोर होती आणि शिलाई मशीन खिडकीत. समोरची काचेची लिफ्ट त्यांना बसल्या जागी दिसायची. त्यांचा फोन कधी चुकला नाही. "भाऊ, चालू आहे," एवढंच म्हणायच्या. कधी जास्त सांगायच्या. "भाऊ, चालू आहे, पण आज दाराशी जरा अडखळतेय. लेकीकडे जायचं असेल तर नका जाऊ." काका अर्थातच एकदा त्यांचं न ऐकता गेले. गेले ते पोचले, पण परत येताना लिफ्ट बंद. रात्र लेकीकडे दिवाणखान्यात काढावी लागली, तीही औषधांशिवाय. त्यानंतर लेकीकडे जायचं नाव काढलं की बायकोच म्हणायची, "नको बाई. जायचं सोपं आहे, यायचं काय?"

साखळी होती, पण साखळीला हे सांगता येत नव्हतं. सकाळी चालू असलेली लिफ्ट दुपारी चालू असेल का, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

अशात एके दिवशी हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत एक तरुण बाई आल्या. त्यांची पान्या-स्क्रूड्रायव्हरची पिशवी बसमध्ये राहिली होती. काका मांडणीवर पिशवी शोधत होते तेवढ्यात फोन वाजला. "चालू आहे," काका म्हणाले आणि ठेवला. पुन्हा वाजला. "लायब्ररीची बंद, पण पुढच्या स्टेशनावर उतरा, तिथून रस्ता सपाट आहे." पुन्हा वाजला.

पिशवी हातात मिळाली तरी बाई जाईनात. "काका, तुम्ही हे कशाचं सांगता?"

काकांनी सांगितलं. ऐकता ऐकता बाई तिथल्या स्टुलावर बसल्याच. मेट्रोच्या लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत त्या इंजिनिअर होत्या. "गंमत बघा," त्या म्हणाल्या. "लिफ्ट बंद पडली की आमच्या ऑफिसला कळायला दुपार होते. आणि तुम्हाला दाढी करता करता कळतं."

काका जरा फुगले. पण पुढचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. इंजिनिअरबाई त्याच कामावर होत्या. प्रत्येक लिफ्टच्या दाराला, मोटरला, दोराला काडेपेटीएवढी यंत्रं लावायची. दार मिटायला किती वेळ घेतं, मोटर किती तापते, डबा किती थरथरतो, हे त्या यंत्रांनी सतत ऑफिसला पाठवायचं आणि लोकांना मोबाइलवर दिसायचं.

"बंद पडली की दिसणार ना?" काका म्हणाले. "ते आम्हीही सांगतो."

"बंद पडायच्या आधी दिसणार. माणूस आजारी पडायच्या आधी जरा कण्हतो की नाही? लिफ्टचंही तसंच असतं. आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच."

"आणि तुमचं ते यंत्रच आजारी पडलं तर?"

"तर ते गप्प होईल. आणि गप्प झालं की आम्हाला लगेच कळेल."

उत्तर बिनतोड होतं, म्हणून काकांना ते आवडलं नाही. "बघू," ते म्हणाले आणि पिशवी मिळाल्याची सही घेतली.

काकांच्या स्टेशनवर ती यंत्रं लागली. काकांनी आपली साखळी मुद्दाम चालूच ठेवली. मोबाइलवर काय दिसतंय आणि खरं काय आहे, हे ते रोज ताडून बघायचे. मनातून त्यांना यंत्र कधी चुकतंय याची घाई झाली होती. एका सकाळी तशी वेळ आली. मोबाइलवर त्यांच्या लिफ्टपुढे लिहून आलं: चालू आहे, दुपारी थोडा वेळ बंद राहील. काकांनी लिफ्टमध्ये शिरून कान टवकारले. लिफ्ट लोण्यासारखी वर गेली. त्यांनी हेडबाईंना फोन करून सांगितलं, "काहीही झालेलं नाही. उगाच घाबरवतात."

योगायोगाने त्या दिवशी त्यांची पाळी लवकर संपली. ते परतले तेव्हा मेकॅनिक आपली हत्यारं आवरत होता. त्याच्या तळहातावर दाराचं छोटं रबरी चाक होतं, एका बाजूने कुरतडल्यासारखं झिजलेलं.

"हे निघालं का आतून?" काकांनी विचारलं.

"हो. अजून काही दिवस चाललं असतं. मग दार मध्येच अडकलं असतं. आतमध्ये कोण असतं देव जाणे."

काकांनी ते चाक मागून घेतलं आणि बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं. सकाळी याच चाकावरून दार सरकलं होतं आणि त्यांना काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. बंद पडलेली लिफ्ट त्यांना कळायची. बंद पडणार असलेली त्यांना कधी कळलीच नव्हती. त्यांनी हेडबाईंना पुन्हा फोन लावला. "सकाळी बोललो ते मागे घेतो," ते म्हणाले. हेडबाई म्हणाल्या, "शाब्बास. चूक कबूल करणारे विद्यार्थी मला आवडायचे."

बघता बघता सगळ्या स्टेशनांवर यंत्रं लागली. लिफ्ट पूर्वीसारख्या तासन्‌तास बंद राहीनात. बंद ठेवायच्या झाल्या तर लोकांची ये-जा नसताना, तेही आधी सांगून. काका लेकीकडे गेले, पुन्हा गेले, नंतर जायचं ठरवायचीही गरज उरली नाही. नातू त्यांच्या मांडीवर झोपायला लागला. मांडीला त्याचं वजन कळायचं नाही, म्हणून काका एक हात सतत त्याच्या पाठीवर ठेवायचे. हात भरून आला तरी काढायचे नाहीत.

आणि घरी फोन वाजायचा थांबला.

पहिल्यांदा काकांनी मनावर घेतलं नाही. दाढी शांतपणे होऊ लागली. पण शांतपणे दाढी करणाऱ्या माणसाला आरशात स्वतःचा चेहरा बघत बसावं लागतं. बायको एक दिवस म्हणाली, "अहो, फोन बिघडलाय का?"

"बिघडला असता तर बरं होतं. सगळं नीट चाललंय, म्हणून वाजत नाही."

"मग तुम्ही करा की. लिफ्ट सोडून जगात बोलायला दुसरं काही नाही का?"

काकांनी हेडबाईंना फोन लावला. मागून पाण्याचा आणि पोरांचा गलका ऐकू येत होता. "अहो ड्रायव्हर, मी पोहायच्या तलावावर आहे," हेडबाई ओरडल्या. "पाण्यात कुबड्या लागत नाहीत, हे मला या वयात कळतंय! नंतर बोलू." कुरिअरवाल्याचे आता दुप्पट फेरे व्हायचे. त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. जुळ्यांच्या आईने फोन घेतला, पण जुळ्यांनी तिला बोलू दिलं नाही. सगळी माणसं बाहेर पडली होती. हेच तर हवं होतं, असं काकांनी स्वतःला बजावलं.

शिवणताईंचा फोन मात्र पहिल्या घंटेलाच उचलला गेला.

"भाऊ? काय झालं? लिफ्ट बंद पडली का?"

"नाही हो ताई. सहज केला."

"सहज?" पलीकडे मशीन थांबल्याचा आवाज आला. "आता सहज कशाला. मी सांगायचं ते सगळं मोबाइलच सांगतो. माझं काय काम उरलं?"

त्यांनी ते हसत म्हटलं, पण मशीन काही पुन्हा सुरू झालं नाही. काकांना ते बरं वाटलं नाही. पुढच्या सुट्टीला लेकीकडे गेल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, "मी समोरच्या बाईंना भेटून येतो," आणि खुर्ची ढकलत रस्ता ओलांडला.

इमारत जुनी होती, खाली कुलपं विकणाऱ्याचं दुकान, बाजूला अंधारा जिना. लिफ्ट नव्हतीच. काकांनी जिन्याकडे पाहिलं, मग मान वर केली. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत एक बाई उभ्या होत्या. आवाजावरून काकांनी त्यांची धिप्पाड मूर्ती मनात धरली होती. प्रत्यक्षात त्या चिमणीएवढ्या होत्या.

फोन वाजला. "भाऊ, तुम्ही मला टक्कल दाखवायला आलात का?"

"तुम्ही खाली या, मग चेहरा दाखवतो."

"मी खाली येत नाही."

तेव्हा काकांना सगळं कळलं. शिवणताईंचे गुडघे झिजले होते. नवरा होता तोवर त्याच्या खांद्याला धरून त्या जिना उतरायच्या. तो गेला आणि जिना बंद झाला. कापड दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर यायचं, शिवलेले कपडे तिच्यातूनच खाली जायचे. वाणी सामान पोचवून जायचा. इतके दिवस त्या शहरभरच्या लोकांना लिफ्टचं सांगत होत्या, आणि त्या लिफ्टपर्यंत त्यांना स्वतःला जाता येत नव्हतं.

काका रस्त्यावर, ताई खिडकीत, असे ते बराच वेळ फोनवर बोलत राहिले. येणारेजाणारे आधी काकांकडे आणि मग वर बघायचे. एकाला वाटलं घराला आग लागली आहे.

काकांनी ताईंच्या जिन्याचं मनावर घेतलं. इंजिनिअरबाईंना फोन झाला. त्या म्हणाल्या, तिथे लिफ्ट बसणार नाही, पण जिन्याच्या भिंतीला रूळ लावून त्यावरून वरखाली सरकणारी खुर्ची बसेल. लोक अशा खुर्च्या काढून टाकतात, एखादी मिळते का बघा. काकांनी जुनी साखळी हलवली. कुरिअरवाल्याला अशी खुर्ची एका बंद झालेल्या दवाखान्याच्या तळघरात धूळ खात पडलेली माहीत होती. दवाखान्याच्या डॉक्टरांनी ती आनंदाने देऊ केली. शिवणताईंचे घरमालक हेडबाईंचे विद्यार्थी निघाले. हेडबाई त्यांना भेटून आल्या. काय बोलल्या कुणास ठाऊक, मालक परवानगी द्यायला स्वतः फोन करते झाले.

सगळं जुळल्यावर काकांनी मोठ्या झोकात शिवणताईंना बातमी दिली.

पलीकडे कात्री खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग ताई म्हणाल्या, "मला खाली यायचंय, असं मी कधी म्हटलं होतं?"

"अहो, पण..."

"मला विचारलंत का, भाऊ?" आणि फोन कट.

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी धावपळ करा आणि वर हे ऐका! बायको पोळपाट पुसत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही 'नको' म्हणेपर्यंत लोकांनी उचललेलं असायचं तुम्हाला. तेव्हा काय म्हणायचात घरी येऊन?"

काकांनी हातातला फोन खाली ठेवला. संध्याकाळी त्यांनी पुन्हा फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तो उचलला गेला.

"ताई, चुकलं माझं. खुर्ची नको तर नको. पण फोन मी रोज करणार. आणि लिफ्टबद्दल एक अक्षर बोलणार नाही."

"मग कशाबद्दल बोलणार?"

"ते तुम्ही ठरवा."

अशी त्यांची बोलणी सुरू झाली. काका त्या दिवशी काय काय हरवून आलं ते सांगायचे. ताई कुणाचं पोट सुटलं आणि कुणाचं लग्न मोडलं ते सांगायच्या. कपडे शिवणाऱ्याला मापांवरून सगळं कळतं. कवळीचा विषय निघाला तेव्हा ताई म्हणाल्या, "त्याला नवीन कवळी आवडत नसणार. मुद्दाम सोडली असेल." काकांना हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

खुर्चीचा विषय एके दिवशी ताईंनीच काढला, तोही आडून. "भाऊ, ती खुर्ची... वजन किती पेलते?"

"तुमच्यासारख्या तिघी बसतील."

"आणि मी खाली गेले, आणि वर येताना ती मध्येच बंद पडली तर? जिन्यात लटकून राहू का मी? मला जायची भीती नाही हो. यायची आहे."

हे वाक्य काकांना घरचं होतं. तुमचं आपलं काहीतरीच, होत नाही असं, असं काही ते म्हणाले नाहीत. "मला माहीत आहे," एवढंच म्हणाले. "मी विचारून सांगतो."

इंजिनिअरबाई या वेळी ताईंना विचारून, जिना चढून वर गेल्या. त्यांनी सगळं समजावलं. वीज गेली तर बॅटरी आहे. बॅटरी संपली तर हाताने फिरवायचा दांडा आहे. शिवाय खुर्चीलाही लिफ्टसारखंच यंत्र लावू. ती मध्येच थांबली तर एकाच वेळी आमच्या ऑफिसला, खालच्या कुलूपवाल्याला आणि काकांना कळेल. काका फोनवर हे ऐकत होते.

"म्हणजे मी अडकले तर भाऊंचा फोन वाजणार?" ताईंनी विचारलं.

"वाजणार."

"दाढी करत असले तरी?"

"दाढी करत असलो तरी," काका फोनमधून म्हणाले.

खुर्ची बसली. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ जिना अरुंद होईल म्हणून कुरकुरले. खुर्ची भिंतीला दुमडून बसते हे पाहून थोडे गप्प झाले, आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईने ती वापरायला लागल्यावर पूर्ण गप्प झाले.

ताईंनी उतरायचा दिवस स्वतः ठरवला. काका आणि बायको खाली रस्त्यावर, इंजिनिअरबाई वरती ताईंच्या शेजारी. ताईंनी नवा शिवलेला पोशाख घातला होता, पट्टा आवळून मांडीवर पर्स घट्ट धरली होती. खुर्ची घरघरत निघाली. तिसरा मजला, दुसरा मजला. मग घरघर थांबली.

काकांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो घाईघाईने बाहेर काढला. स्क्रीनवर लाल अक्षरं होती: खुर्ची थांबली आहे. शेजारच्या दुकानात कुलूपवाल्याचा फोनही वाजत होता. तो हातातली किल्ली टाकून बाहेर धावला. जिन्यातून ताईंचा आवाज आला, अगदी स्वच्छ.

"भाऊ, आला का फोन?"

"आला! काय झालं ताई? घाबरू नका, मी..."

"काही नाही झालं. मीच बटण दाबलं. बघत होते."

आणि घरघर पुन्हा सुरू झाली.

ताई खाली आल्या. बायकोने त्यांचा हात धरला. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना त्या थांबल्या आणि रस्त्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघू लागल्या. वरून पाहिलेला रस्ता वेगळा असतो. खालून तो मोठा होता, गाड्यांचा आवाज अंगावर येत होता. कुणी घाई केली नाही. इंजिनिअरबाईंनी विचारलं, "मेट्रोने फिरायला जायचं का?"

"मेट्रो राहू दे," ताई म्हणाल्या. "मला कापडाच्या दुकानात न्या. तो माणूस इतकी वर्षं मला टोपलीतून कापड पाठवतोय. निळं मागितलं की जांभळं देतो, आणि वर म्हणतो उजेडात बघा. मला त्याच्या उजेडात बघायचंय."

दुकान कोपऱ्यावरच होतं. ताई बायकोच्या आधाराने, एकेक पाऊल मोजून टाकल्यासारख्या चालत आत गेल्या. काका बाहेरच थांबले, कारण दुकानाला पायरी होती. काचेतून त्यांना दिसत होतं. ताईंनी आधी काही विचारलंच नाही. गठ्ठ्यांवरून त्या नुसता हात फिरवत गेल्या, एका कापडावरून दुसऱ्यावर, सुती, रेशमी, जाड, तलम, बोटांच्या चिमटीत धरून, चुरगाळून, सोडून देत. दुकानदार ओळख दाखवायला पुढे आला. ताईंनी त्याच्या हातातला निळा ताका घेतला, दाराशी उजेडात धरला आणि त्याला जे सुनवायला सुरुवात केली, ते बाहेर रस्त्यावर ऐकू येत होतं.

"भाऊ!" त्या दारातून ओरडल्या. "तुम्हीच सांगा, हे निळं आहे की जांभळं?"

काकांनी मान तिरकी करून नीट पाहिलं. "जांभळं," ते म्हणाले. "आणि ताई, भांडून झालं की त्यांना विचारा, ही पायरी ते कधी काढणार आहेत?"